प्रयोगांची आखणी शिकायला 'आर': कुठे शिकवते, कुठे गप्प बसते

संख्याशास्त्र, कृषी, जीवशास्त्र, रसायन अभियांत्रिकी, मानसशास्त्र, विषय कुठलाही असो, प्रयोगांची आखणी आणि विश्लेषण हा पेपर सुरू झाला की लवकरच प्रश्न येतो: आकडेमोड करायची कशात? स्प्रेडशीट हाताशी असतेच, मेन्यूवर चालणारी पॅकेजेस असतात आणि 'आर' ही आज्ञा टंकून चालवायची संख्याशास्त्रीय भाषा असते. इथे आरचे परीक्षण फक्त या पेपरापुरते केले आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. ज्याला आपल्या प्रयोगाची मांडणी नीट समजली आहे त्याच्यासाठी आरइतके चांगले साधन नाही. ज्याला ती समजलेली नाही त्याला आर चुकीचे उत्तरही तितक्याच शांतपणे छापून देते. म्हणून विश्लेषणाआधी डिग्रीज ऑफ फ्रीडमचा (कुठल्या घटकाला किती स्वतंत्र तुलना मिळतात त्या आकड्यांचा) तक्ता हाताने कागदावर मांडायची सवय लावून घ्यायची तयारी असेल, तरच आर घ्या.

आर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केली, आणि १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी बाहेर पडली. ती मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. आधी मूळ आर टाकायची, मग आरस्टुडिओ किंवा आवडीचा दुसरा एडिटर. 'मास' आणि 'एनएलएमई' ही पॅकेजेस सोबतच येतात, फक्त 'लायब्ररी'ने उघडावी लागतात. या पेपरासाठी वेगळी टाकावी लागतात ती 'ॲग्रिकोले', 'ईएममीन्स', 'कार', 'एलएमई४' आणि फ्रॅक्शनल फॅक्टोरियलपर्यंत (अनेक घटकांच्या सर्व जुळण्यांपैकी काहीच करून पाहायच्या आखणीपर्यंत) अभ्यासक्रम जात असेल तर 'एफआरएफ२'. एवढ्यात पेपर पूर्ण होतो. बाकीची पन्नास पॅकेजेस पाहत बसू नका.

पहिली अडचण डेटा भरतानाच येते. पाठ्यपुस्तकातला तक्ता ट्रीटमेंट्स (तपासायचे पर्याय) उभ्या आणि रेप्लिकेशन्स (त्यांच्या पुनरावृत्ती) आडव्या असा असतो, कारण हाताने बेरजा करायला तो सोयीचा. आरला लांब तक्ता हवा: एका प्लॉटला एक ओळ, आणि ब्लॉक (सारख्या प्लॉटांचा गट), ट्रीटमेंट, उत्पादन असे वेगवेगळे स्तंभ. ५ ट्रीटमेंट्स आणि ४ ब्लॉक असतील तर २० ओळी. एखादा प्लॉट मेला असेल तर तिथे शून्य लिहू नका, रकाना रिकामा सोडा. शून्य म्हणजे मोजले आणि काही आले नाही. रिकामा म्हणजे मोजताच आले नाही. रिकाम्या जागी आडवी रेघ मारली तर अख्खा स्तंभ अक्षरांचा समजला जातो आणि विश्लेषण तिथेच अडते. हे निदान लक्षात तरी येते. 'कंट्रोल' या शब्दापुढे एका ओळीत चुकून मोकळी जागा पडली, तर मात्र मूळ आरमधली सीएसव्ही वाचण्याची आज्ञा तिला वेगळी ट्रीटमेंट धरते. पाच ट्रीटमेंट्सच्या सहा होतात आणि कुठेही एरर येत नाही. 'रीडआर' पॅकेज अशा कडेच्या मोकळ्या जागा आपोआप छाटते, म्हणून वाचण्यासाठी ते बरे.

आता सर्वांत जास्त विद्यार्थी जिथे अडकतात ती जागा. ट्रीटमेंट्सना १, २, ३, ४, ५ असे क्रमांक दिले आणि ब्लॉकना १ ते ४, तर आरच्या दृष्टीने ते आकडे आहेत. ती त्यांच्यातून सरळ रेषा काढते. आरबीडीच्या, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट्स यादृच्छिक क्रमाने असलेल्या आखणीच्या, तक्त्यात ट्रीटमेंटला ४, ब्लॉकला ३, एररला १२, एकूण १९ डिग्रीज ऑफ फ्रीडम यायला हवेत. त्याऐवजी ट्रीटमेंटला १, ब्लॉकला १ आणि एररला १७ येतात. एफ (ट्रीटमेंटच्या फरकाचे एररशी गुणोत्तर) येतो, पी-व्हॅल्यू (फरक नसताना असा निकाल येण्याची शक्यता) येते, तारेही येतात, सगळे व्यवस्थित दिसते. कागदावर ४-३-१२ लिहून ठेवलेले असेल तर चूक दोन सेकंदांत सापडते. उपाय सोपा आहे: मॉडेल लिहिण्याआधी दोन्ही स्तंभ 'फॅक्टर' करून घ्या आणि 'एसटीआर' आज्ञेने खात्री करा. ट्रीटमेंट्सना टी१, टी२ अशी अक्षरयुक्त नावे दिली तर हा धोका मुळातच टळतो. आरमध्येच असलेल्या टूथग्रोथ या गिनी पिगच्या डेटावर हे करून बघण्यासारखे आहे. त्यात डोस ०.५, १ आणि २ असा आकड्यांत आहे, त्यामुळे तो तसाच वापरला तर २ ऐवजी १ डिग्री ऑफ फ्रीडम मिळतो.

इथपर्यंतच्या तक्रारी कुठल्याही पॅकेजबद्दल थोड्याफार करता येतील. आरचे खरे मोल स्प्लिट प्लॉटला, म्हणजे मोठ्या प्लॉटांना एक घटक आणि त्यांच्या तुकड्यांना दुसरा देणाऱ्या आखणीला, पोचल्यावर कळते, म्हणून तिथे जरा थांबू.

'मास' पॅकेजमध्ये 'ओट्स' नावाचा डेटा आहे. फ्रँक येट्स यांनी १९३५ साली वापरलेला हा ओटचा शेतातला प्रयोग: ६ ब्लॉक, प्रत्येकात ३ मेन प्लॉट, त्यांवर तीन वाण (गोल्डन रेन, मार्व्हलस आणि व्हिक्टरी), आणि प्रत्येक मेन प्लॉटचे ४ सब-प्लॉट, त्यांवर नायट्रोजनचे ०, ०.२, ०.४ आणि ०.६ असे चार स्तर. एकूण ७२ नोंदी. वाणाची चिठ्ठी मेन प्लॉटसाठी काढली आहे, नायट्रोजनची सब-प्लॉटसाठी. म्हणजे यादृच्छिक वाटप दोनदा झाले आहे, आणि त्यामुळे एररही दोन आहेत. 'एओव्ही' या विश्लेषणाच्या आज्ञेमध्ये नेहमीच्या मॉडेलपुढे 'एरर' असे लिहून कंसात ब्लॉक, तिरकी रेघ, वाण एवढे द्यायचे. ती तिरकी रेघ सांगते की ब्लॉकच्या आत मेन प्लॉट आहेत. उत्तर तीन थरांत येते. ब्लॉकच्या थरात ५ डिग्रीज ऑफ फ्रीडम. मेन प्लॉटच्या थरात वाणाला २ आणि एररला १०. मीन स्क्वेअर (सम ऑफ स्क्वेअर्स भागिले डिग्रीज ऑफ फ्रीडम) अनुक्रमे ८९३.२ आणि ६०१.३, एफ १.४९, पी ०.२७. सब-प्लॉटच्या थरात नायट्रोजनला ३, इंटरॲक्शनला (नायट्रोजनचा परिणाम वाणानुसार बदलतो का, याला) ६ आणि एररला ४५. एररचा मीन स्क्वेअर १७७.१, नायट्रोजनचा एफ ३७.६९ आणि इंटरॲक्शनचा ०.३०. वाणांत फरक दाखवता येत नाही, नायट्रोजनचा परिणाम अगदी स्पष्ट आहे, आणि तो तिन्ही वाणांत सारखाच आहे.

आता 'एरर'चा तो तुकडा विसरा आणि ब्लॉक अधिक वाण गुणिले नायट्रोजन असे साधे मॉडेल चालवा. दोन एरर एकत्र होतात: ५५ डिग्रीज ऑफ फ्रीडम आणि मीन स्क्वेअर २५४.२. वाणाचा एफ ३.५१ होतो आणि पी ०.०३७. जो फरक मघाशी दिसत नव्हता तो 'सिग्निफिकंट' होऊन बसतो. सरासऱ्यांच्या भाषेत पाहिले तर आणखी स्पष्ट होते. मार्व्हलसची सरासरी १०९.८ आणि व्हिक्टरीची ९७.६, फरक १२.२. खऱ्या एररवर क्रिटिकल डिफरन्स (सिग्निफिकंट ठरायला लागणारा किमान फरक) १५.८ येतो, चुकीच्या एररवर ९.२. प्रयोग तोच, नोंदी त्याच, फक्त मॉडेलमधला एक तुकडा गाळला. वाणाच्या प्रत्येक सरासरीमागे २४ सब-प्लॉट आहेत खरे, पण मेन प्लॉट सहाच आहेत, आणि एका मेन प्लॉटमधले चार सब-प्लॉट एकमेकांसारखे असतात. साधे मॉडेल त्या चौघांना एकमेकांपासून स्वतंत्र धरून चालते.

आर इथे कुठलाही इशारा देत नाही, ही तिची मर्यादा. पण ज्याला कारण समजले आहे त्याला ती प्रयोगाची संपूर्ण रचना एका ओळीत लिहायला लावते, आणि त्या ओळीत कुठली चिठ्ठी कुठे काढली हे नेमके सांगावे लागते. मेन्यूमधून 'स्प्लिट प्लॉट' निवडणाऱ्या विद्यार्थ्याला हा विचार करावाच लागत नाही. शिकण्याच्या दृष्टीने मला हा आरचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

याच डेटाची आणखी एक प्रत 'एनएलएमई'मध्ये आहे, नावातले पहिले अक्षर तेवढे मोठ्या लिपीतले. आकडे तेच, पण तिथे नायट्रोजनचा स्तंभ फॅक्टर नसून आकड्यांचा आहे. दोन विद्यार्थी शेजारी बसून एकच प्रयोग सोडवतात आणि उत्तरे जुळत नाहीत, त्याचे कारण बहुधा हे असते.

अनोव्हानंतर (व्हेरियन्सच्या या विश्लेषणानंतर) सरासऱ्यांची तुलना. इथे आरमध्ये पर्याय इतके आहेत की विद्यार्थी गोंधळतात. ॲग्रिकोलेमध्ये एलएसडी, टुकी, डंकन, एसएनके या तुलनेच्या चाचण्या सगळ्या आहेत आणि सरासऱ्यांपुढे ए, बी, सी अक्षरेही मिळतात. प्रबंधात हवा असलेला तक्ता पटकन तयार होतो. मात्र स्प्लिट प्लॉटच्या वेळी एररचा मीन स्क्वेअर आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम स्वतः द्यावे लागतात, आणि मेन प्लॉटच्या घटकाला सब-प्लॉटचा एरर दिला तरी ते मुकाट स्वीकारते. ईएममीन्स मात्र मॉडेलमधूनच योग्य एरर उचलते, आणि इंटरॲक्शन असलेल्या मॉडेलमध्ये एकाच घटकाच्या सरासऱ्या मागितल्या तर निकाल दिशाभूल करू शकतो अशी टीपही छापते. एवढ्यासाठी तरी ईएममीन्स आधी शिकावे.

ओट्समधल्या नायट्रोजनच्या सरासऱ्या ७९.४, ९८.९, ११४.२ आणि १२३.४ अशा चढत जातात. दोन सरासऱ्यांतल्या फरकाची स्टँडर्ड एरर ४.४४. एलएसडीने क्रिटिकल डिफरन्स ८.९ येतो, म्हणून शेवटचा ९.२ चा फरकही सिग्निफिकंट ठरतो. टुकीने तो उंबरठा साधारण ११.८ असतो, म्हणून तोच फरक सिग्निफिकंट ठरत नाही. मग खरे काय? खरे हे की प्रश्नच चुकीचा विचारला आहे. मात्रेच्या स्तरांना अक्षरे चिकटवण्यात काही अर्थ नाही. मात्रा वाढत गेली तसे उत्पादन कसे वाढले, हा प्रश्न आहे. ईएममीन्समध्ये 'पॉली' कॉन्ट्रास्ट (सरळ रेषा, वक्रता असे भाग वेगळे करणारी तुलना) मागितला की नायट्रोजनच्या २०,०२० सम ऑफ स्क्वेअर्सपैकी १९,५३६ सरळ रेषेच्या वाट्याला जातात, वक्रतेकडे सुमारे ४८० आणि तिसऱ्या घाताकडे जवळपास काहीच नाही. म्हणजे चाचणी केलेल्या मर्यादेत प्रतिसाद सरळ रेषेचा आहे, वक्रता सिद्ध होत नाही. हे एक वाक्य सहा जोड्यांच्या तुलनेपेक्षा जास्त सांगते. कंट्रोलशी तुलना करायची असेल तर डनेटची चाचणी, नावांच्या ट्रीटमेंट्स असतील आणि सगळ्या जोड्या हव्या असतील तर टुकी. डंकनची चाचणी अजून अनेक प्रबंधांत दिसते, पण ती खोट्या फरकांना फार सहज आत येऊ देते. नवीन कामात तिची गरज नाही.

असमान रेप्लिकेशन हा दुसरा मोठा सापळा. एओव्ही सम ऑफ स्क्वेअर्स क्रमाने काढते, ज्याला टाइप १ म्हणतात. आधी लिहिलेला घटक सामाईक वाटा घेऊन जातो, नंतरच्याला उरलेले. सगळे प्लॉट शाबूत असतील तर क्रमाने काही बिघडत नाही. एक प्लॉट गेला की बिघडते. आरबीडीमध्ये त्यामुळे नियम सोपा आहे: मॉडेलमध्ये ब्लॉक आधी, ट्रीटमेंट नंतर. मग ट्रीटमेंटची चाचणी ब्लॉकचा परिणाम बाजूला काढून होते, आणि तेच हवे असते. दोन घटकांच्या फॅक्टोरियलमध्ये मात्र 'कार' पॅकेजमधली मोठ्या अक्षराची 'अनोव्हा' वापरा, टाइप २ मागा, ज्यात प्रत्येक मुख्य घटक दुसऱ्याचा वाटा बाजूला काढून तपासला जातो. टाइप ३ (इंटरॲक्शनचाही वाटा बाजूला काढणारा) हवाच असेल तर आधी कॉन्ट्रास्ट बदलून 'सम' प्रकारचे करावे लागतात. आरच्या मूळ सेटिंगवर टाइप ३ चालवला आणि मॉडेलमध्ये इंटरॲक्शन असेल, तर मुख्य परिणामांच्या चाचण्या निरर्थक होतात, कारण एका घटकाची चाचणी दुसऱ्याच्या फक्त पहिल्या स्तरावर होते. एसएएस आणि एसपीएसएसमध्ये टाइप ३ हा नेहमीचा असल्याने, मार्गदर्शकांचे जुने उत्तर आणि विद्यार्थ्याचे आरमधले उत्तर जुळत नाही तेव्हा बहुतेक वेळा भांडण इथलेच असते. तपासायची झटपट रीत अशी: दोन घटकांची अदलाबदल करून मॉडेल पुन्हा चालवा. आकडे हलले तर डेटा असमान आहे.

गृहीतकांची तपासणी आरमध्ये सोपी आहे, आणि उगाच अवघडही केली जाते. शापिरो चाचणी मूळ उत्पादनाच्या आकड्यांवर चालवणे ही नेहमीची चूक. ट्रीटमेंट्समध्ये फरक असेल तर मूळ आकडे नॉर्मल दिसणारच नाहीत. नॉर्मल असायला हवेत ते रेसिड्युअल्स, म्हणजे नोंद आणि मॉडेलचा अंदाज यांतले फरक. मॉडेलचा 'प्लॉट' काढा आणि पहिली दोन चित्रे नीट बघा. पहिल्यात ठिपके उजवीकडे पंख्यासारखे पसरत असतील तर सरासरीबरोबर व्हेरियन्स वाढत आहे. इन्सेक्टस्प्रेज या डेटात हे डोळ्यांना स्पष्ट दिसते: ६ फवारण्या, प्रत्येकी १२ नोंदी, कीटकांची मोजणी. वर्गमूळ घेतले की पंखा बराच मिटतो. ऑर्चर्डस्प्रेज हा मधमाश्यांवरचा ८ गुणिले ८ चा लॅटिन स्क्वेअर (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक ट्रीटमेंट एकदाच येणारा चौकोन) आहे, त्यात लॉग घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक गैरसोय मात्र खरी आहे: मॉडेलमध्ये 'एरर'चा तुकडा असेल तर हे चित्र थेट मिळत नाही, कारण निकाल थरांच्या यादीत ठेवलेला असतो. त्यासाठी तेच मॉडेल एलएमई४मध्ये बसवून तिथून रेसिड्युअल्स काढावे लागतात.

लॅटिन स्क्वेअरचा विषय निघालाच आहे तर एक व्यावहारिक गोष्ट. ३ गुणिले ३ च्या चौकोनात एररला फक्त २ डिग्रीज ऑफ फ्रीडम उरतात आणि पाच टक्क्यांवर एफचा उंबरठा १९.०० असतो. प्रयोगात कितीही कष्ट घेतले तरी तो ओलांडणे कठीण. ४ च्या चौकोनात ६, ५ च्या चौकोनात १२. तीनच ट्रीटमेंट्स असतील तर दोन-तीन चौकोन मिळून प्रयोग करा. ॲग्रिकोलेमध्ये ग्रीको-लॅटिन चौकोनही (दोन लॅटिन स्क्वेअर असे एकावर एक ठेवलेले की प्रत्येक जोडी एकदाच येते) मिळतात: विषम आकाराचे, आणि सम आकारांत ४, ८, १० आणि १२ चे. ६ चा मिळत नाही कारण तो अस्तित्वातच नाही. १० चाही नसेल असे गणितज्ञ ऑयलरचे अनुमान होते. ते १९५९ साली राज चंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी खोटे ठरवले. ॲग्रिकोले १० चा चौकोन छापते तेव्हा या तिघांचे काम समोर येते, आणि त्यात एक मराठी नाव आहे याचा अभिमान वाटतो.

यादृच्छिक वाटपासाठी आर अप्रतिम आहे, आणि नेमका हाच भाग विद्यार्थी वगळतात. ॲग्रिकोलेमध्ये सीआरडी (ब्लॉक नसलेली पूर्ण यादृच्छिक आखणी), आरबीडी, लॅटिन स्क्वेअर, स्प्लिट प्लॉट, बीआयबीडी आणि अल्फा (या दोन्हींत ब्लॉक अपूर्ण असतात), सगळ्यांचे आराखडे तयार मिळतात. प्लॉट क्रमांक १०१, १०२, पुढच्या ब्लॉकला २०१, २०२ असे देता येतात, आणि 'झिगझॅग' आज्ञेने चालत जाताना सोयीचा नागमोडी क्रमही मिळतो. 'सीड'चा (यादृच्छिक क्रम जिथून सुरू होतो तो) आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे तोच आराखडा पुन्हा काढता येईल. सोबत आरची आवृत्तीही लिहा, कारण ३.६.० पासून 'सॅम्पल' आज्ञेची आतली पद्धत बदलली आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर त्याच सीडने वेगळा क्रम येतो. आरबीडीमध्ये प्रत्येक ब्लॉकसाठी चिठ्ठी वेगळी काढायची असते. पहिल्या ब्लॉकचा क्रम पुढच्या तिन्ही ब्लॉकांत तसाच उतरवला तर ट्रीटमेंट आणि जागा यांचा परिणाम वेगळा करता येत नाही.

किती रेप्लिकेशन्स घ्यायची, यासाठी मूळ आरमध्येच 'पॉवर अनोव्हा टेस्ट' आहे. ४ गट, सरासऱ्यांमधले व्हेरियन्स १, गटाच्या आतले व्हेरियन्स ३ आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) दिली की उत्तर ११.९३ येते, म्हणजे प्रत्येक गटात १२. इथे दोन्ही आकडे व्हेरियन्स आहेत, स्टँडर्ड डेव्हिएशन नव्हेत. ही गफलत झाली तर उत्तर कितीतरी पटींनी चुकते.

फॅक्टोरियल आणि कन्फाउंडिंग (एक परिणाम दुसऱ्यात मिसळून वेगळा न दिसणे) शिकायला 'एनपीके' हा डेटा घ्या: वाटाण्याचा प्रयोग, २४ प्लॉट, ४ प्लॉटचे ६ ब्लॉक, आणि तिन्ही घटकांचे इंटरॲक्शन ब्लॉकमध्ये मुद्दाम मिसळलेले. ब्लॉक साध्या घटकासारखा लिहिला तर ते तिहेरी इंटरॲक्शन तक्त्यातून गायबच होते, आणि विद्यार्थ्याला वाटते आर चुकली. ब्लॉक 'एरर'च्या तुकड्यात टाकला की ते ब्लॉकच्या थरात १ डिग्री ऑफ फ्रीडम घेऊन बसलेले दिसते, बाजूला ४ एररचे. आतल्या थरात सहा परिणाम आणि १२ एररचे. फळ्यावर तासभर समजावूनही जे डोक्यात बसत नाही ते या दोन तक्त्यांची शेजारी तुलना केली की बसते.

एफआरएफ२ पॅकेजला ८ रन आणि ४ घटक सांगितले की चौथा घटक पहिल्या तिघांच्या गुणाकारातून तयार होतो, आणि दोन-दोन घटकांची इंटरॲक्शन्स जोड्यांनी एकमेकांत मिसळतात. कोण कोणात मिसळले हे पॅकेज छापते. प्रयोग करण्याआधी ते वाचा, नंतर वाचून उपयोग नाही. रेप्लिकेशन नसलेल्या फॅक्टोरियलवर पूर्ण मॉडेल चालवले तर एररला शून्य डिग्रीज ऑफ फ्रीडम राहतात आणि एफ येतच नाही. तिथे डॅनियल प्लॉट (परिणामांचा नॉर्मल आलेख) काढायचा: रेषेपासून दूर पडलेले ठिपके तेवढे खरे परिणाम.

आता आर जे कधीच सांगू शकत नाही ते. दोन इन्क्युबेटर, एक २५ अंशांवर, दुसरा ३० अंशांवर, प्रत्येकात १० पेट्री डिश. आर २० ओळी मोजते, एररला १८ डिग्रीज ऑफ फ्रीडम देते आणि ऐटीत पी-व्हॅल्यू छापते. प्रत्यक्षात तापमान इन्क्युबेटरला दिले आहे, डिशला नाही. प्रत्येक तापमानाला एकच रेप्लिकेशन आहे आणि चाचणी करायला एररच नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटले. एका कुंडीतल्या चार रोपांची उंची मोजली तर ती चार रेप्लिकेशन्स नव्हेत, एका रेप्लिकेशनची चार मोजमापे. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. ट्रीटमेंट नेमकी कशाला दिली, आणि चिठ्ठी कशासाठी काढली, हे डेटा फाइलच्या पहिल्या पानावर वाक्यात लिहून ठेवा.

मिश्र मॉडेल्स (ब्लॉकसारखे घटक यादृच्छिक धरणारी) दुसऱ्या सत्रासाठी ठेवा. एलएमई४ मुळात पी-व्हॅल्यू देत नाही. त्यासाठी 'एलएमईआरटेस्ट' जोडावे लागते. ब्लॉकचे व्हेरियन्स शून्य निघाले की 'सिंग्युलर फिट'चा संदेश येतो आणि विद्यार्थी घाबरून ब्लॉकच काढून टाकतात. तसे करू नका. ब्लॉक आखणीचा भाग आहे, म्हणून तो मॉडेलमध्ये राहतो.

पर्यायांबद्दल थोडक्यात. एक्सेलच्या टूलपॅकमध्ये अनोव्हाचे तीनच प्रकार आहेत: एका घटकाचा, दोन घटकांचा रेप्लिकेशनसह, आणि रेप्लिकेशनशिवाय. आरबीडी तिसऱ्यात बसते, फॅक्टोरियल दुसऱ्यात, तेही सगळ्या खान्यांत समान नोंदी असतील तरच. सरासऱ्यांची तुलना नाही, स्प्लिट प्लॉट नाही. पहिले दोन आठवडे हाताने केलेले गणित पडताळायला ते पुरते. जामोव्ही आणि जास्प ही मेन्यूवर चालणारी दोन्ही पॅकेजेस मोफत आहेत, आतून आरच वापरतात, आणि ज्याला आज्ञा टंकायची भीती वाटते त्याला चांगली सुरुवात करून देतात. जामोव्हीमध्ये मागे चाललेली आरची आज्ञा दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. पण दोन्हींत मूळ सेटिंग टाइप ३ चे आहे, हे असमान डेटाच्या वेळी लक्षात असू द्या. नवीन पॅकेज हाती आले की आपला डेटा घालण्याआधी ओट्सचा डेटा त्यात घाला. वाणाचा एफ १.४९ आला तर पॅकेजला स्प्लिट प्लॉट नीट सांगितला आहे, ३.५१ आला तर मेन प्लॉटचा एरर सांगायचा राहून गेला आहे.